जामाच्या फांदीवरची गाठ

आमच्या अंगणात जामाचं झाड आहे. इतर ठिकाणचे लोक ज्याला पेरू म्हणतात, तोच आमच्या खानदेशात जाम. त्या झाडाखाली जो कोणी येतो तो आधी एक जाम खातो, मग दुसरा खातो, आणि तिसरा खिशात घालता घालता विचारतो, "थोडं बी देता का हो याचं?" माझं डोकंच फिरतं. अरे बाबा, बी लावून जाम येईल, पण हा जाम येणार नाही! बियांचं पोर आपल्या मर्जीनं निघतं, आईबापावर जाईलच असं नाही. हाच जाम हवा असेल तर याच झाडाच्या फांदीला झाडावर असतानाच मुळं फोडायची आणि मग ती कापून लावायची. त्याला गुटी बांधणं म्हणतात. आणि गुटी मला बांधता येत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. कारण रनाळ्यापासून कोरीटपर्यंत माझा लौकिक असा, की या माणसाच्या हाताला मूळ धरतं. काही माणसांच्या हातालाच तसा गुण असतो, त्यांनी काठी रोवली तरी ती पालवते, अशी आमच्याकडची पक्की समजूत. त्या समजुतीवर माझं लग्न झालं. त्यामुळे मी इतके दिवस तोंड मिटून होतो.

एक आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात, शेतात, बाजारात सगळी बोली अहिराणी. ही जी मी लिहितोय ती मराठी कचेरीतली, सरकारी शाईत बुडवलेली. पण माणसं जिथे मनापासून बोलली तिथे मी त्यांचीच बोली ठेवणार आहे. तेवढी कोणालाही कळेल.

माझे वडील मी पाळण्यात असतानाच गेले. रनाळ्याची शेती मामांनी सांभाळली आणि मलाही त्यांनीच सांभाळलं. त्यातल्या त्यात शेती जरा बरी सांभाळली. मामा म्हणजे मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी कानात सांगितलेलंही वेशीपर्यंत ऐकू जाई. मी शाळेची फायनल पास झालो, नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, आणि मामा माझ्यासाठी मुली बघायला निघाले. त्या काळी मुली मामानं बघायच्या आणि लग्न भाच्यानं करायचं, अशीच रीत होती. नवऱ्या मुलाला काय वाटतं हे कोणी विचारत नसे, आणि मुलीला तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

कोरीटच्या स्थळाला मात्र मुलीच्या बापानं उलटा निरोप धाडला, "पोराला घेऊन या." मामांना ते आवडलं नाही, पण मला बरोबर घेऊन ते गेले. ज्येष्ठ सरत आला होता, पेरण्या उरकल्या होत्या आणि गाडीवाट चिखलानं भरली होती. मुलीच्या बापाला सगळं गाव आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणतो. उंच, वाळका, शब्द मोजून टाकणारा माणूस. बायको वारलेली. जमीन बेताची, पण विहिरीला पाणी दांडगं, आणि विहिरीभोवती जाम, लिंबं, डाळिंबं, दोन अंजिरं अशी झाडं लेकरांसारखी वाढवलेली.

घरात दोन मुली. थोरलीला सगळे जिजी म्हणत. तिला तापीकाठच्या एका बड्या घरात दिली होती. आबांनी जमीन पाहिली, बैलजोड्या पाहिल्या, ऊस पाहिला आणि देऊन टाकली. तीन वर्षांनी ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. त्या घराबद्दल तिच्या तोंडून कधी कोणी चकार शब्द ऐकला नाही, आणि आबांनीही तिला कधी जा म्हटलं नाही. धाकटी लग्नाची होती. तिच्यासाठीही तसंच एक मोठं मळेवाल्याचं घर मागे लागलं होतं. आणि दुसरे आम्ही, एक कारकून आणि एक मामा.

ओट्यावर घोंगडी अंथरली होती. जिजीनं चहा आणून ठेवला. मामांनी घसा साफ केला आणि आमच्या रनाळ्याच्या जमिनीचं वर्णन सुरू केलं. ते ऐकताना मलाच वाटलं, अरे, एवढी जमीन आहे का आपल्याकडे? आबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कारकून, हात दखाड."

मी हात पुढे केला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. दोन बोटांना शाई लागलेली होती.

"शाईना हात शे," आबा म्हणाले. "मूळ धरस का नही, दखसूत."

"पत्रिका आणली आहे हो मी," मामा म्हणाले.

"पत्रिका मंग. पहिले गुटी."

असं म्हणून त्यांनी मला विहिरीजवळच्या जामाखाली नेलं. घराकडून विहिरीकडे जी पायवाट जाते तिच्यावरच एक फांदी वाकून आलेली होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागेल इतकी खाली. आबांनी ती दाखवली आणि अट सांगितली. या फांदीवर मी माझ्या हातानं गुटी बांधायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती सोडायची. मुळं आलेली असली तर मुलगी दिली. कोरडी निघाली तर राम राम, आणि मळेवाल्यांना होकार.

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हे काय आबा? लग्न आहे का झाडझूड आहे?"

आबांनी शेजारच्या फांदीवर मला एकदा करून दाखवलं. बोटभर रुंदीचं साल बांगडीसारखं गोल सोलून काढायचं, आतलं पांढरं लाकूड दिसलं पाहिजे. त्यावर विहिरीच्या भिंतीवरचं ओलं शेवाळ आणि शेणमाती लिंपायची, वरून तरटाचा तुकडा गुंडाळायचा, दोन्ही बाजूंनी सुतळीनं करकचून बांधायचं. ओल टिकली की त्या सोललेल्या जागेवरून मुळं सुटतात. चाकू माझ्या हातात देऊन ते मामांना लिंबं दाखवायला पुढे गेले.

आता मी चाकूनं जन्मात पेन्सिलीखेरीज काही सोललेलं नव्हतं. साल काढायला लागलो आणि फांदीतून रस पाझरायला लागला. वाटलं, सगळं साल काढलं तर फांदी मरेल की बापडी! आणि फांदी मेली तर माझं काय? शिवाय कचेरीत मी एकच गोष्ट नीट शिकलो होतो, की कुठलंही काम पुरतं संपवून टाकू नये, एक बाजू राखून ठेवावी. म्हणून मी गोल सोलता सोलता फांदीच्या पाठीवर दाभणाएवढी सालाची एक पट्टी तशीच ठेवली. तेवढ्यात कुंपणापलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि बांगड्या वाजल्या. मी घाईघाईनं शेवाळ थापलं, तरट गुंडाळलं, सुतळी बांधली, आणि माझी खूण म्हणून वरून खिशातली लाल फीत बांधली. दप्तराला बांधतात तशी, दोन कानांची, झकास. गुटीकडे पाहून मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की ती दाभणाएवढी पट्टी म्हणजे सत्यानाश. तेवढ्या वाटेनं झाड आपला रस खाली नेतं, जखम भरून काढतं, आणि मुळं फोडायची गरजच त्याला पडत नाही. पण तेव्हा मी शहाणा होतो.

मग सुरू झाले माझे रविवार. कचेरीला सुट्टी, की मी सायकल काढून कोरीटच्या वाटेला. गुटी बघायला जातो असं म्हणायचं. आमची ती काळी जमीन पावसात काय करते हे ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. दोन फर्लांग गेलं की चाकं चिखलानं जाम. उतरा, काडीनं चिखल काढा, पुन्हा बसा, पुन्हा उतरा. अर्ध्या वाटेनंतर सायकल खांद्यावर घेऊन चालायचं. मी सायकलवर बसून निघायचो आणि सायकल माझ्यावर बसून पोचायची. आबा ओट्यावरून बघायचे आणि विचारायचे, "हाई सायकल शे का देवनी पालखी?"

तिथे गेल्यावर करण्यासारखं काही नसे. फांदीला लटकलेलं ते तरटाचं गाठोडं बघायचं, फीत नीट आहे ना बघायचं, ओट्यावर चहा प्यायचा, आबा लिंबावरच्या किडीबद्दल जे सांगतील ते ऐकायचं, आणि परत चिखल तुडवायचा. मुलगी काही दिसायची नाही. दिसायची ती जिजी. ती चहा ठेवायची, माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघायची आणि मुकाट्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवायची.

तिसऱ्या रविवारी मी जरा धीट झालो. म्हटलं, गुटी दाबून पाहावी, ओल आहे की नाही. हात लावला आणि पुढच्या क्षणी मी पायवाटेवर नाचत होतो. तरटात लाल मुंगळ्यांनी बिऱ्हाड केलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत चढले, एक सदऱ्यात गेला. मी सदरा काढावा की अब्रू राखावी या विचारात असताना विहिरीकडून आवाज आला, "मुंगळास्ले इचारीसन हात लावनं पडस!"

मी वर पाहिलं. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि एवढं ओझं असूनही ती हसून हसून हलत होती. घागरीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं. मी काहीतरी बाणेदार बोलणार होतो, पण तेवढ्यात सदऱ्यातला मुंगळा चावला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती आणखीच हसली आणि निघून गेली.

बस्स. त्या दिवसापर्यंत मला एक लग्न पाहिजे होतं. त्या दिवसापासून मला तीच पाहिजे झाली. परतीच्या वाटेवर सायकल खांद्यावर होती, हात सुजून दोडक्यासारखा झाला होता, आणि मी मोठमोठ्यानं गात होतो. एका गाडीवानानं मला बघून बैल बाजूला घेतले.

आणि नेमका श्रावणात पाऊस दडी मारून बसला. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा झाला, आभाळात ढगाचा ठिपका नाही. कचेरीत माझं लक्ष लागेना. गुटी सुकली की संपलं! उन्हानं शेवाळ कोळपलं असेल, शेणमाती फुटली असेल, ती घागर मळेवाल्यांच्या विहिरीवर जाईल. मी जबाब लिहायला घ्यायचो आणि खिडकीतून आभाळ बघायचो. शेवटी बुधवारी सकाळी मी अव्वल कारकुनांपुढे उभा राहिलो आणि पडेल चेहऱ्यानं सांगितलं, "माझे मामा अत्यवस्थ आहेत. रजा हवी."

अव्वल कारकून हळहळले. "काय झालंय?"

"घशाचं दुखणं," मी म्हटलं. "आवाजच बंद झालाय."

आणि त्याच क्षणी कचेरीच्या फाटकातून गर्जना आली, "भाचा! अरे ए भाचा! गुटी आणली रे!"

मामा! डोक्याला फेटा, घामानं डबडबलेले, आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक हिरवी फांदी. ते दोन दिवस खर्चून खापर गावच्या बाजाराला जाऊन आले होते. तिथे कोणा माळ्याकडून मुळं फुटलेली तयार गुटी त्यांनी मिळवली होती. सगळी कचेरी खुर्च्या मागे सारून बघत होती. अव्वल कारकुनांनी चष्मा वर केला, मामांना नीट न्याहाळलं आणि मला म्हणाले, "आवाज परत आलेला दिसतोय."

मी मामांना ओढत पिंपळाखाली नेलं. त्यांची युक्ती अशी, की आबांची नजर चुकवून ही गुटी आपल्या फांदीच्या जागी लावायची.

"मामा, लावायची म्हणजे? ती फांदी झाडालाच असते. तोडलेली फांदी झाडाला चिकटवणार कशानं?"

मामांनी क्षणभर विचार केला. "खळ लाव ना. तुमच्या कचेरीत खळ असतेच की."

मी कपाळावर हात मारला. मग मी त्या गुटीचं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं.

"मामा, हे लिंबू आहे."

"गुटी ती गुटी," मामा म्हणाले. "आत मुळं दिसली म्हणजे झालं. पानं कोण बघतंय?"

मी सायकल काढली. रजा मिळालेली नव्हती, पण अव्वल कारकून एवढे हसत होते की त्यांना नाही म्हणता आलं नाही. वाट कोरडी होती, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी कोरीटला सायकलवर बसून पोचलो. भर दुपारची वेळ, आबा शेतात, घराचं दार लोटलेलं. धावत फांदीपाशी गेलो. आधी मुंगळे आहेत का बघितलं, नव्हते. मग भीत भीत तरटावर हात ठेवला.

गार. ओलं गार! बोटांना पाणी लागलं.

दहाबारा दिवस पाऊस नाही, चहूकडे जमिनीला भेगा, आणि माझी गुटी ओली. यावरून शहाण्या माणसानं काय समजायचं? मी असं समजलो, की माझ्या हातातच गुण आहे. मी बांधलेली गुटी हवेतून पाणी ओढून घेते. खरंच सांगतो, असं समजलो! त्या आनंदात मी विहिरीवर जाऊन पाणीसुद्धा घातलं नाही. म्हटलं, कशाला, आपल्या हाताला गरज नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मी आणि मामा सकाळीच हजर. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता, गोठ्यासमोर झुली वाळत घातल्या होत्या. आबा, मामा, मी आणि पदर तोंडाशी धरून उभी असलेली जिजी, एवढी माणसं जामाखाली जमली. धाकटी आत होती. दाराआड बांगड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या. पोळ्याच्या पुरणाचा एकही घास मी गिळला नव्हता.

आबांनी माझी लाल फीत सोडून माझ्या हातात दिली. खालची सुतळी चाकूनं कापली, तरट उलगडलं. शेवाळाच्या गोळ्यातून पांढरी पांढरी मुळं बाहेर आली होती, शेवयांसारखी.

"मुळ्या उन्यात रे, मुळ्या!" मामा एवढ्यानं ओरडले की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. त्यांनी मला मिठी मारली, आबांना मिठी मारली, आणि जिजीकडे वळले ते जिजी दोन पावलं मागे सरकली म्हणून थांबले.

मी मात्र त्या कापलेल्या सुतळीकडे बघत होतो. चाकू एका बाजूला लागला होता, गाठ तशीच शाबूत होती. आणि ती गाठ माझी नव्हती. माझी गाठ म्हणजे दोन कानांची, ओढली की सुटणारी, मला दुसरी येतच नव्हती. ही गाठ घट्ट, आडवी, घागरीच्या गळ्याला दोर बांधतात तशी होती. मी फांदी जरा वळवून पाहिली. पाठीवर मी राखलेली ती पट्टीही नव्हती. बांगडी गोल, साफ, पांढरी. माझ्यामागे कोणीतरी ही गुटी सोडली होती, माझं अर्धं काम पुरं केलं होतं, पुन्हा बांधली होती आणि वरून माझीच फीत जशीच्या तशी लावली होती.

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. त्यांना काय दिसलं होतं देव जाणे, पण पाय बरोबर दिला. मी तोंड मिटलं. आबा माझ्याकडे बघत होते. मी खाली पाहिलं. त्यांनी फांदी कापून एका मडक्यात लावली आणि म्हणाले, "पोरगी दिधी."

मला फार आनंद झाला आणि फार लाज वाटली, दोन्ही एकदम. लबाडीनं जिंकलो होतो, आणि लबाडी कोणी केली हेही माहीत नव्हतं.

लग्न मार्गशीर्षात झालं. वरातीच्या गाडीत नवरी मांडीवर ते मडकं धरून बसली होती. सगळ्या वाटेनं ती माझ्याऐवजी त्या रोपाकडे बघत होती. नंदुरबारच्या आमच्या अंगणात तिनंच ते लावलं. मामांनी खापरहून आणलेलं लिंबू रनाळ्याला लावलं, तेही जगलं, आणि पुढे मामा सगळ्यांना सांगत फिरले की तेही माझ्याच हातचं.

घरात थोडं मोकळं बोलणं सुरू झाल्यावर मी तिला विचारलं, "ती गाठ कोणी बांधली होती?"

"कोनती गाठ?"

"गुटीची."

"माले काय माहीत? तुम्हना हातना गुण!" असं म्हणून ती चुलीकडे वळली.

मी तिच्यावर पाळत ठेवली. ती गाई बांधायची, शिंकं बांधायची, विहिरीचा दोर घागरीला बांधायची. प्रत्येक वेळी दुसरीच गाठ. ती आडवी घट्ट गाठ आमच्या घरात मला एकदाही दिसली नाही. मी मनात म्हटलं, मग आबांनीच बांधली असणार. जावई हातचा जाऊ नये म्हणून बापानं केलं असेल.

इकडे माझा लौकिक वाढत चालला. ज्याच्या गुटीवर सोयरीक जुळली तो माणूस, म्हणून लोक मला गुट्या बांधायला बोलावू लागले. मोठेपणा कोणाला नको असतो? मी जायचो, बाह्या सरसावायचो, सोलायचो, बांधायचो. आणि बहुतेक गुट्या धरायच्या नाहीत. कधी उन्हाला दोष द्यायचो, कधी शेवाळाला, एकदा तर घरधन्याच्या सुनेच्या पायगुणाला दिला आणि त्या घरी पुन्हा पाण्यालासुद्धा गेलो नाही. काही घरच्या गुट्या मात्र धरायच्या. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ज्या घरी आमची बायको हळदीकुंकवाला जाऊन यायची, तिथल्याच धरायच्या. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माझ्याइतका मठ्ठ माणूस कचेरीत टिकतो यात काही नवल नाही.

लग्नाला दहाबारा वर्षं झाली असतील. आबा थकले होते, दात गेले होते. एका रविवारी सकाळी ते बैलगाडीनं आमच्याकडे आले. जाम फळांनी वाकला होता. आम्ही दोघं त्याखाली बाजेवर बसलो. आबांनी झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला, आणि मला काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं मनात दाबलेलं एकदम बाहेर आलं.

"आबा, मी तुम्हाला फसवलं. ती गुटी माझी नव्हती. मी साल अर्धवट सोललं होतं. कोणीतरी ती नंतर नीट केली."

"माले माहीत शे," आबा म्हणाले.

"म्हणजे तुम्हीच केलीत ना?"

"नही."

त्यांनी एक जाम हातात घेतला, हिरड्यांनी चावायचा प्रयत्न केला आणि ठेवून दिला. मग सावकाश सांगू लागले. मी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गुटी सोडून पाहिली होती. पट्टी पाहिली, हसले, आणि होती तशी पुन्हा बांधून ठेवली. माझी ती दोन कानांची फीत परत तशीच बांधताना त्यांना घाम फुटला होता म्हणे.

"तशीच बांधलीत? मुळं येणार नाहीत हे माहीत असून?"

"हं."

"का पण?"

आबा जे म्हणाले ते मी माझ्या मराठीत सांगतो, कारण त्यांचा आवाज मला इथे आणता येणार नाही. ते म्हणाले, थोरलीला मी विचारलं नव्हतं. जमीन पाहिली आणि दिली. ती परत आली तेव्हा तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, तेच मला सोसलं नाही. धाकटीच्या वेळी ठरवलं, विचारायचं. पण बाप कसा विचारणार? तुला हा पोरगा पाहिजे का, असं मुलीला विचारायला माझी जीभ उचलेना, आणि विचारलं असतं तर तिची उत्तर द्यायला उचलली नसती. तिची आई असती तर गोष्ट निराळी. म्हणून ती दिवसातून चार वेळा ज्या वाटेनं पाण्याला जाते, त्याच वाटेवरच्या फांदीवर तुम्हाला गुटी बांधायला लावली. तुम्ही नको असतात तर तिला काहीच करायचं नव्हतं. ना पाणी घालायचं, ना बोलायचं. गुटी आपोआप वाळली असती आणि खोट तुमच्या हाताची ठरली असती. तिसऱ्या दिवशी मी तुमची फीत सरकवून पाहिलं. खालची गाठ बदललेली होती. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मी थक्क झालो. तो चिखल, ते मुंगळे, खांद्यावरची ती सायकल सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"म्हणजे माझी परीक्षा नव्हतीच?"

"तुम्हनी?" आबांनी माझ्याकडे खऱ्या आश्चर्यानं पाहिलं. "तुम्हनी कसानी परीक्षा?"

मी आत गेलो. ती भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, आबांनी सांगितलं तसं. तिचे हात पिठात थांबले. इतकी वर्षं ती समजत होती की तिनं बापाला फसवलं. माझ्यासारखंच तिनंही ते एकटीनं पोटात ठेवलं होतं, एकाच घरात, एकाच झाडाचे जाम खात. ती रडली. पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं, तरी मला हसू आलं नाही.

मग ती म्हणाली, "आनि जिजी?"

जिजीच्या वेळी कोणी कुठल्या फांदीवर काही बांधलं नव्हतं.

ती उठली, बाहेर गेली आणि झाडावरचे चांगले पिकलेले जाम तोडून आणले. एक कापला, त्यातल्या बिया एकूण एक काढल्या आणि नुसता मऊ गर ताटलीत घालून बापापुढे ठेवला. आबा खाऊ लागले. ती त्यांच्याजवळ बसली नाही. बाकीचे जाम तिनं एका फडक्यात घेतले, कोरीटला जिजीकडे पाठवायला. मी दारात उभा होतो. तिनं सुतळीचा तुकडा घेतला, मी बघतोय हे बघितलं, आणि त्या गाठोड्याला माझ्यासमोर ती आडवी, घट्ट गाठ मारली.